पूर्ण मैदान लागणारा खेळ

मला आता आयुष्यात फार काही नको आहे. दुपारी जेवण झालं की घटकाभर झोप, संध्याकाळी चहा, आणि मधल्या वेळात "विलास सर, जरा येता का" असं कोणी म्हणू नये, बस. कडा आणि आष्टीच्या मध्ये आमचं गाव, तिथल्या शाळेत मी खेळाचा मास्तर. पुढच्या वर्षी निवृत्त होतोय. माझे गुडघे माझी वाट न बघता आधीच झालेत. अशा माणसानं ऑस्ट्रेलियातला फुटबॉल बीड जिल्ह्यात आणायचा नसतो, हे मला कळतं. माझ्या बायकोला, वनिताला, ते माझ्या आधी कळलं होतं आणि ती मला त्याची आठवण अजूनही रोज करून देते.

झालं काय, की आमच्या संस्थेचे अध्यक्ष सुंदरराव यांना शाळेच्या मैदानावर मंगल कार्यालय बांधायचं सुचलं. मैदान डांबरी रस्त्याला लागून, गाड्या उभ्या करायला जागाच जागा. आणि त्यांचं म्हणणं असं, की नाही तरी मैदान रिकामंच पडलंय. यात त्यांची चूक नाही. ते उठतात नऊला. मैदान भरतं अंधार असताना आणि उन्हं वर आली की रिकामं होतं. पोलीस भरतीची तयारी करणारी आसपासच्या वस्त्यांवरची पोरंपोरी तिथं पळतात. त्यात माझी धाकटी, दीपमाला. मागच्या भरतीत ती पळण्यात अगदी थोडक्यात राहिली. राहिली त्या दिवशी घरी आली. जेवली, भांडी घासली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा बूट घालून गेली. मैदान गेलं तर या लेकरांना पळायला उरतो हमरस्ता, अंधारात, ट्रकच्या उजेडात. शेजारच्या गावातल्या एका पोराला असंच पळताना ट्रकनं उडवलं. पोरगं वाचलं, पण पाय कामातून गेला. त्यानंतर मला पहाटे जाग आली की मी दीपमालाचे बूट दारात आहेत का तेवढं बघतो.

म्हणून मी सुंदररावांकडे गेलो. म्हटलं, साहेब, पोरं पळतात तिथं. ते म्हणाले, पळायला रस्ता हाय की, मैदान खेळासाठी असतंय. मी कबड्डी म्हटलं, खो-खो म्हटलं. त्याला कोपरा ठेवतो म्हणाले. क्रिकेटचं नाव काढायची सोय नव्हती, कारण चेंडूनं त्यांच्या गाडीची काच फुटल्यापासून क्रिकेटला त्यांनीच बंदी घातलीय. फुटबॉल म्हटलं तर त्यांच्या इंजिनिअरनं तिथल्या तिथं नकाशा उलगडला आणि फुटबॉल बसवूनही कार्यालय कसं आरामात बसतं ते दाखवलं. फक्त कॉर्नर मारणाऱ्याला आचाऱ्याच्या चुलीशेजारून धावत यावं लागलं असतं. मी उठलो तेव्हा माझं तोंड फारच पडलं असावं, कारण सुंदररावांना दया आली.

"सर, असं करा," ते म्हणाले. "पूर्ण मैदान लागंल असा एखादा खेळ दाखवा. लोकं येऊ द्या बघायला. मग मी इटा दुसरीकडं टाकतो."

असा खेळ जगात नाही याची त्यांना खात्री होती. मलाही होती.

आमचे शेजारी शहादेवराव पोस्टातून निवृत्त झालेले. त्यांचा सौरभ मेलबर्नला शिकायला गेला तो तिकडेच नोकरीला लागला, आणि त्या मे महिन्यात तो सुट्टीवर आला होता. आल्या आल्या जयभीम घालून माझ्याजवळ बसला आणि मोबाइलवर एक मॅच लावली. मी सहज विचारलं, हे काय. तो म्हणाला, काका, हा तिकडचा फुटबॉल. एका बाजूला अठरा माणसं. मैदान अंड्यासारखं लांबट गोल, दीडशे मीटर नाही तर त्याहून जास्त. मी विचारलं, आपल्या शाळेचं मैदान याला पुरेल का? तो हसून म्हणाला, ओढूनताणून. त्या क्षणी तो पोरगा मला सख्ख्या पुतण्यापेक्षा प्रिय झाला. आतून वनिताचा आवाज आला, "नका." कशाला नका हे तिला माहीत नव्हतं, पण तिला माझा चेहरा भिंतीआडूनही दिसतो.

सौरभनं नियम सांगितले. चेंडू दोन्हीकडून टोकदार, त्यामुळे जमिनीवर पडला की कुठं जाईल हे त्याचं त्यालाच ठाऊक. तो हातात घेऊन पळायचं, लाथेनं उडवायचा किंवा बुक्की मारून दुसऱ्याकडे द्यायचा. लांबून आलेला चेंडू हवेत झेलला की सगळे थांबतात आणि झेलणाऱ्याला मोकळी लाथ मिळते. चेंडू ज्याच्याकडे त्याला कवळ घालून खाली पाडायचं, हे सगळं कायदेशीर. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून चेंडू गेला की सहा गुण. आणि बाजूच्या फटीतून गेला, म्हणजे चुकला, तरी एक गुण.

हे मी पुन्हा विचारून घेतलं. चुकल्याबद्दल गुण? हो काका, चुकल्याबद्दल. मी जन्मभर पोरांना जे खेळ शिकवले त्यात चुकलं की मान खाली घालून बाजूला बसायचं असतं. चुकणाऱ्याला रिकाम्या हाती घरी न पाठवणारा देश कुठं तरी आहे, हे कळून मला जरा बरं वाटलं.

आता छत्तीस माणसं जमवायची होती. एका बाजूला आम्ही सुशिक्षित मंडळी धरली, शिक्षक, कारकून, माजी विद्यार्थी आणि सौरभ. दुसऱ्या बाजूला वस्तीवरचे ऊसतोडीहून नुकतेच परतलेले गडी. त्यांचा पुढारी आश्रुबा. हा माणूस उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढतो, आणि वर जाऊन गप्पा मारतो. मी त्याला सगळे नियम नीट समजावले. त्यानं एकच विचारलं, "मास्तर, धरून पाडलेलं चालतंय ना?" चालतंय म्हटल्यावर त्यानं आणखी काही विचारलं नाही. मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

परवानगीसाठी पोलीस ठाण्यात गेलो. हवालदारसाहेबांनी अर्ज वाचला आणि विचारलं की फुटबॉल आहे तर हातात कावून, म्हणजे कशाला, घेतात. मग त्यांना सौरभचा व्हिडिओ दाखवला. ते बघता बघता त्यांनी दुसऱ्याला हाक मारली, दुसऱ्यानं तिसऱ्याला, आणि थोड्या वेळानं ठाण्यातली निम्मी माणसं माझ्या खांद्यावरून वाकून मॅच बघत होती. एक जण कोणाला तरी "पाड बे त्याला" असंही म्हणाला. मॅच संपल्यावर हवालदारसाहेब खुर्चीत नीट बसले आणि म्हणाले, हा खेळ नसून गर्दी जमवून मारामारी आहे, याला परवानगी देता येणार नाही. फार अजिजी केली तेव्हा अट घातली, की हाड मोडलं तर आधी कळवायचं. मोडायच्या आधी का मोडल्यावर आधी, हे विचारायचं माझ्यात त्राण नव्हतं.

शेजाऱ्यापाजाऱ्यांचे सल्ले चालूच होते. सौरभनं तिकडून आणलेला चेंडू बघून कोणी म्हणालं गोल आणा, हा बसका झालाय. गोल झाला की दोन आणि चुकल्याचा एक गुण असेल तर एक, असे पांढरे झेंडे हलवतात, तर शिंपी म्हणाला पांढरे कावून, खेळायच्या आधीच हार मानली का? पण दुसरा कुठलाही रंग घेतला तर तो कोणत्या ना कोणत्या पक्षाचा निघत होता, म्हणून पांढरेच ठेवले. झेंडे हलवणाऱ्या पंचाला पांढरा कोट लागतो. तो दवाखान्यातल्या कंपाउंडरकडून आणला आणि शहादेवरावांना घातला. कोट घालून ते घरातून मैदानापर्यंत गेले, तेवढ्यात वाटेत एका म्हातारीनं त्यांना धरून खोकल्याचं औषध मागितलं. त्यांनी सांगितलंही. पोस्टात जन्म गेलेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही.

आता मुख्य गोष्ट, चिखल.

आमच्या तालुक्यात मे महिन्यात चिखल शोधायचा म्हटला तर सापडायचा नाही. प्यायचं पाणी टँकरनं येतं. मैदानाच्या काळ्या मातीला भेगा, आणि वर धुरळा. मॅचच्या दिवशी सुंदररावांच्या मनात आलं, की आपण पांढऱ्या कपड्यांत जाणार, तर धुरळा बसवावा. आमच्याकडे पाहुणा यायचा म्हटलं की टँकर आणून पाणी मारतात, यात नवं काही नाही. मी सकाळी खांबांसाठी बांबू आणायला कड्याला गेलो होतो. मी तिथं नव्हतो, हे मी नंतर गावात अनेकांना सांगितलं, पण ऐकून घेणारा भेटला नाही.

त्यांच्या टँकरवाल्यानं पाणी मारायचं सोडून मैदानाच्या मधोमध गाडी उभी केली, तोटी उघडली आणि तो फाट्यावर चहाला गेला. टँकर रिकामा झाल्यावर घेऊन गेला. ही बातमी माजी सरपंच रामकिसन यांना लागली. सुंदरराव आणि रामकिसन यांचं गेल्या निवडणुकीपासून बोलणं बंद आहे, पण एक जण जे करतो ते दुसरा लगेच करतो. रामकिसनरावांनीही टँकर पाठवला, वर स्वतःच्या फोटोचा बॅनर बांधून. ड्रायव्हर हनुमान याला हुकूम होता, की अगदी मधोमध उभा राहा, फोटोत आला पाहिजेस. तो मधोमध गेला, आणि आधीच्या पाण्यात टँकर रुतला. हनुमाननं विचार केला, की गाडी हलकी झाली की निघंल. म्हणून त्यानं सगळं पाणी तिथंच सोडलं. टँकर हलका झाला आणि आणखी खाली बसला. मग ओढायला ट्रॅक्टर आणला, साखळी बांधली, सगळ्यांनी जोर लावला. टँकर जागचा हलला नाही, पुढचं बंपर मात्र ट्रॅक्टरबरोबर रस्त्यापर्यंत गेलं.

मी बांबू घेऊन पोचलो तेव्हा मैदान काठाला कोरडं ठणठणीत, मध्ये मोठा रबडा आणि त्यात चाकं बुडालेला टँकर, वर रामकिसनराव हात जोडून हसताहेत. सुंदररावांना बॅनरची खबर गेली होती, त्यामुळे त्यांचा दुसरा टँकर फाटकात येऊन उभा होता. आणि त्याच्यापुढे रिकामा हंडा घेऊन आश्रुबाची आई, जानकीबाई.

"मास्तर," ती म्हणाली, "आमच्या पोरी आठ दिस झाले डोक्यावरून न्हाल्या न्हाईत. आन तुमी मातीला पाणी पाजायलेत."

ती ओरडली नाही, शिवी दिली नाही. मला खरंच लाज वाटली. मैदान वाचवायच्या नादात मी हे काय करून बसलो, असं वाटलं. मी ड्रायव्हरला सांगितलं, गाडी वस्तीवर घे. तो म्हणाला, साहेबांना मैदानावरचा फोटो पायजे. मग फाटकातच फोटो काढला, मागे मैदान दिसेल असा, आणि पाणी वस्तीवर गेलं. त्या सगळ्या दिवसात मी केलेलं नीट काम तेवढंच.

दुपार कलल्यावर लोक जमले. एवढे लोक आमच्या मैदानावर मी कधी बघितले नव्हते. निम्मे खेळ बघायला आणि निम्मे टँकर बघायला आले होते. सुंदरराव आले, शेजारी इंजिनिअर. सत्कार झाले. एवढे सत्कार झाले, की खेळाडूंपैकी काही जण घरी जाऊन चहा पिऊन आले. मग सुंदररावांनी मैदानाच्या मध्यावर नारळ फोडायचा म्हणून फळी टाकून त्यांना तिथवर नेलं. त्यांनी नारळ आपटला. तो फुटला नाही, आत गेला. सगळे जरा वेळ त्या जागेकडे बघत राहिले, आणि मग कोणीतरी टाळ्या वाजवल्या.

खेळ सुरू करताना पंच चेंडू जमिनीवर जोरात आपटतो आणि तो उंच उसळतो. आमच्या भूगोलाच्या सरांनी आपटला. नारळाशेजारीच बसला. दोन्हीकडचे गडी हात वर करून आकाशाकडे बघत थांबले होते, ते तसेच थांबले. शेवटी आश्रुबा वाकला, चेंडू उपटला आणि निघाला. आमच्या तिघांनी त्याला कवळ घातली. तो तिघांसकट पलीकडे गेला आणि खांबांपाशी पोचल्यावर त्यानं चेंडू मधून उडवायला पाय झाडला, तसे आमचे गणिताचे, इंग्रजीचे आणि कलेचे शिक्षक एकेक करून गळून पडले. शहादेवरावांनी झेंडे हलवले. सहा गुण.

पुढचं सगळं साधारण असंच होतं. काळी माती पायाला धरते. काठावर तुम्ही धावता, मध्ये आलात की प्रत्येक पायाला एकेक घमेलं चिकटतं. आमच्या लोकांचे बूट रुतायचे आणि पाय मोकळे पुढं जायचे. ते गडी मुळात अनवाणीच उतरले होते. चेंडू टँकरला लागला तर काय, यावर खेळ थांबला. सौरभ म्हणाला, असा नियम तिकडे नाही. भूगोलाच्या सरांनी निकाल दिला, की टँकर हा नैसर्गिक अडथळा समजावा. हनुमान टँकरच्या टपावर बसला होता. त्यानं एक चेंडू झेलला आणि मोकळी लाथ मागितली. नाही म्हटल्यावर त्यानं बराच वेळ चेंडू परत दिला नाही.

मध्यंतरानंतर आमचा कारकून पाय मुरगळला म्हणून गेला, तो दोन्ही पायांनी व्यवस्थित चालत गेला. आमच्यात एक कमी. गर्दीतून "सर, तुमी उतरा" सुरू झालं. दीपमाला तिच्या मैत्रिणींबरोबर काठावर उभी होती. मी पँट वर दुमडली.

मी कोणाच्या अध्यातमध्यात न येता एका टोकाला, खांबांसमोर उभा राहिलो. शिट्टी होत आली होती. आमच्या नावावर भोपळा, त्यांच्या नावावर साठीच्या पुढं काहीतरी. सौरभनं टँकरच्या पलीकडून शेवटची म्हणून लांब लाथ मारली. चेंडू टपावरून आला आणि सरळ माझ्या पोटात बसला. मी त्याला धरलं ते केवळ कळ आली म्हणून. त्याच वेळी आश्रुबानं मला मागून उचललं होतं. त्यानं मला अलगद खाली ठेवलं आणि म्हणाला, "मास्तर, झेल झाला. मारा आता."

समोर चार बांबू. मला एकदम वाटलं, की आता हा गेला तर मैदान राहील. यात काही अर्थ नव्हता, पण वाटलं. मी गुडघ्याचा विचार न करता लाथ मारली. बूट पायातून सुटला आणि मधल्या दोन खांबांतून सरळ आरपार गेला. चेंडू बाजूच्या फटीतून गेला. शहादेवरावांनी बुटाकडे बघितलं, चेंडूकडे बघितलं, आणि प्रेमापोटी दोन्ही झेंडे वर केले. सौरभनं येऊन त्यातला एक खाली घेतला. बूट धरत नाहीत. एक गुण. आमच्या संघाचा सगळ्या मॅचमधला तेवढाच.

मी एका पायात बूट घालून सुंदररावांपुढे उभा राहिलो. चष्म्यावर चिखल होता, त्यामुळे त्यांचा चेहरा नीट दिसला नाही. म्हटलं, साहेब, पूर्ण मैदान लागलं. ते माझ्याकडे बघत नव्हते, टँकरकडे बघत होते. त्यांच्या शेजारी इंजिनिअर हळू आवाजात सांगत होता, की एवढ्याशा पाण्यात जर टँकर असा बसला, तर कार्यालयाचा पाया मुरूम लागेपर्यंत खोल न्यावा लागेल, आधी माती तपासू, एक पावसाळा जाऊ देऊ. मी आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या इंजिनिअरचं बोलणं शेवटपर्यंत ऐकलं.

सुंदरराव म्हणाले, "सर, या वर्षी राहू द्या. पुढच्या वर्षी बघू." जाताना वळून म्हणाले, मॅच मात्र पुढच्या वर्षी पण घ्या, लई दिवसांनी हसलो.

रात्री वनितानं गुडघ्याला तेल लावता लावता विचारलं, मग वाचलं का मैदान? मी म्हटलं, नाही. चुकलं. एक वर्ष मिळालं फक्त. ती म्हणाली, एका वर्षासाठी एवढं सगळं केलं? खरं तर मलाही तेच वाटत होतं.

पहाटे झुंजूमुंजू झालं तसा मी बूट शोधायला मैदानावर गेलो. टँकर तिथंच होता, रामकिसनराव अजून हात जोडून हसत होते. चिखल टाळून, टँकरला वळसा घालून पोरं पळत होती. मी मध्येच उभा होतो, म्हणून दीपमाला माझ्यापाशी येऊन थांबली आणि दम घेत म्हणाली, "पप्पा, जरा बाजूला व्हा."

मी बाजूला झालो. म्हटलं, बेटा, एकच वर्ष मिळालं बघ.

"लई झालं, पप्पा," ती म्हणाली. "मला एकच भरती लागती."

आणि ती पळत पुढं गेली. बूट काही मला सापडला नाही.